खालची ओळ

नागोजीराव अण्णा, मी कुणामुळे इथे आहे असं कोणी विचारलं, तर मी तुमचं नाव सांगतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, गावच्या मास्तरांनी अक्षर वळणदार केलं, पण बेंगळूरच्या सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून आपलं म्हणणं कागदावर मांडायची हिंमत तुम्ही दिलीत. हे तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही अर्ध्या कानडीत म्हणाला असता, "साकु साकु, पुरे झालं रे. चहा सांग." म्हणून आता लिहितो. आता तुम्ही मला थांबवू शकत नाही.

काल तुमचा बारावा झाला. मला अजून रडू आलेलं नाही. त्या शनिवारी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पीण्या भागातल्या माझ्या खोलीवर शर्टाला इस्त्री करत होतो. फोन ठेवला आणि राहिलेली बाही पूर्ण केली. मग तोच शर्ट घालून चामराजपेटला तुमच्या घरी आलो. सोमवारी ऑफिसला गेलो. पावसाळ्याआधी कोणत्या नाल्यांतला गाळ काढायचा त्याची यादी माझ्याकडे होती, ती सगळी तपासली. यादीत दोन ठिकाणी एकच नाला दोन नावांनी आला होता, तो मी शोधून काढला. एवढं नीट आठवतं. स्मशानातून परत कोणाच्या गाडीतून आलो, ते आठवत नाही.

आपली पहिली भेट तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायचा. मी कंत्राटावर नवा होतो. तलावाच्या बांधावर टेप धरून उभा होतो आणि मोजताना तोंडातल्या तोंडात आकडे मराठीत पुटपुटत होतो. तुम्ही मागून आलात.

"एनप्पा, मराठी का तू? कुठला?"

"निपाणीजवळचा, सर."

"निपाणी! म्हणजे पाणीच नाही तिथं. आणि हा आला आमचं पाणी मोजायला!"

तेव्हापासून ऑफिसात माझं नाव निपाणी पडलं. सदाशिव म्हणून मला फक्त पगाराचा कागद ओळखायचा. मी म्हणालो होतो, "सर, आमचं गाव नदीकाठाला आहे, दर दोन-तीन वर्षांनी पाणी येतं." तुम्ही मान हलवलीत आणि पुढे गेलात. ते वाक्य तेव्हाच तुमच्या कानात राहिलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं मी बरेचदा मनात मांडून बघतो. पण माझ्या कानातही ते कुठे राहिलं?

तुमचं मराठी ऐकून मी सुरुवातीला गोंधळायचो. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज इकडे आले, त्यांनी आणलेलं मराठी तुम्ही घरात जपून ठेवलेलं, आणि त्यात रस्त्यावरचं कानडी मिसळलेलं. "स्वल्प थांब रे", "सरी, ठीक आहे, आता लिही". अक्कांनी, तुमच्या पत्नीनं, पहिल्यांदा जेवायला वाढताना "अजून स्वल्प सारू वाढू?" असं विचारलं, तेव्हा परक्या शहरात आपल्या माणसाच्या घरी आल्यासारखं वाटलं. मी तीनदा भात घेतला. तुम्ही म्हणालात, "बघा, निपाणीला पूर आला."

काम तुम्ही हाताला धरून शिकवलंत. नाला कुठेही बघायचा तर आधी त्याच्या शेवटाला जायचं आणि तिथून वर चालत यायचं. टिपणात "मला वाटते" लिहायचं नाही. काय पाहिलं, कुठे पाहिलं, तेवढंच लिहायचं. आणि संकट येण्याआधी जो निधी मिळतो त्याचं अवघडपण तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतं, "पुरानंतर भांडी वाटली की त्याचा फोटो निघतो. न आलेल्या पुराचा फोटो कसा काढणार? म्हणून आधीच्या कामाला कोणी विचारत नाही. आपण विचारायचं."

माझी आई एकदा ऑफिसात आली होती. विड्या वळून हाताची बोटं वाकलेली, नऊवारी, पायात माझ्या जुन्या चपला. ती दारातच थांबली, आत यायला तयार होईना. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. सगळा हॉल बघत होता. "या अम्मा, मुलगा चांगला वाढवलात," म्हणालात. आईसाठी कचेरीत कोणी उठून उभं राहिलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. गावाकडे ती अजून तेच सांगते. तुम्ही गेल्याचं तिला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं पहिलं हेच विचारलं, "ते उभं राहिलेलं साहेब?"

आता ते लिहितो, जे आपण दोघं सोडून कोणाला पूर्ण माहीत नव्हतं.

वॉर्डाचा आपत्ती आराखडा करायचा होता. पाणी कोणत्या घरांत शिरतं हे कळलं की त्यावरून भिंत कुठे, नाला कुठे रुंद, हे ठरणार होतं आणि तेवढ्याच कामाला निधी मागता येणार होता. हेब्बाळच्या बाजूला, तलावाच्या सांडव्याखालची ती गल्ली माझ्याकडे आली. उतारावर दोन ओळी. वरच्या ओळीत पक्की घरं, खालच्या ओळीत पत्र्याची. फॉर्म इंग्रजीत होता आणि प्रश्न दारात उभं राहून कानडीत विचारायचा होता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तुम्ही घरी होतात.

माझं कानडी परीक्षेपुरतं. मी प्रत्येक दारात एकच वाक्य विचारलं, "मनेगे नीरु बरुत्ता?" घराला पाणी येतं का? आमच्या नदीकाठी पाणी येणं म्हणजे पूर. दुसरा अर्थच नाही. "पाणी आलं" असं कोणी ओरडलं की आम्ही जनावरं सोडून चढाला लागायचो. तसंच मी इथे विचारलं. ऐन उन्हाळ्यात. बेंगळूरात. जिथे उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की आधी नळाचं बोलतात.

वरच्या ओळीत नळ होते. तिथल्या बायका म्हणाल्या, "बरुत्ते, बरुत्ते." येतं. मी 'होय'वर खूण केली. खालच्या ओळीत नळ नव्हते, टँकरवर चाललेलं. तिथं ब्लाउज शिवणाऱ्या सरोजक्का मशीन थांबवून जोरात म्हणाल्या, "इल्ला! बरोदे इल्ला! बरको!" येत नाही, येतच नाही, लिहून घे! त्या एवढ्या चिडून का सांगतायत, हे मला कळलं नाही. मी लिहून घेतलं. 'नाही.'

तुम्ही घरून फोन केला होता. "खालची ओळ कोरडी? खात्री आहे?"

"हो अण्णा. घरोघर विचारलंय."

"सरी," म्हणालात, आणि डोळ्याला पट्टी असताना गोषवाऱ्यावर सही केलीत. पाणी उताराकडे जातं, हे आमच्या गावच्या म्हशीलाही कळतं. मी सिव्हिलची पदवी घेतलेला माणूस. पण कागदावर घरोघरची उत्तरं होती, आणि मला वाटलं, कागद आहे म्हणजे खरं आहे. घरात पहिल्यांदा कागद हातात आलेल्या माणसाला असं वाटतं. कागदाशी भांडायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलेलं नसतं.

प्रस्ताव मंजूर झाला. वरच्या ओळीच्या मागे भिंत उभी राहिली, चांगली, सरळ. त्या पावसाळ्यात तलाव भरून वाहिला. आधी जे पाणी वरच्या मोकळ्या जागेत पसरायचं ते भिंतीला लागून सगळं खाली उतरलं. दुपारी आपण दोघं पोचलो तेव्हा खालच्या ओळीत माणसं खाटांवर खाटा रचून बसली होती. जीव कोणाचा गेला नाही. सरोजक्का मशीनचा वरचा भाग छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"तूच ना तो, पाण्याचं विचारणारा? तेव्हा येत नव्हतं. ईग बंदिदे. आता आलंय. बरको."

लिहून घे.

तिथेच, गुडघाभर पाण्यात, मला सगळं एकदम समजलं. संध्याकाळी ऑफिसच्या पायऱ्यांवर तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, "नेमकं काय विचारलंस? शब्द सांग." मी सांगितले. तुम्ही हसलात, अण्णा. खरंच मोठ्यानं हसलात, आणि मग हसू तिथेच संपलं. "अरे हुच्चा, वेड्या, इथं असं विचारलं तर माणूस नळाचंच सांगणार. नुग्गुत्ता म्हणायचं. पाणी घरात नुग्गुत्ता, घुसतं का. तुला नुग्गोदु माहीत नाही?"

माहीत नव्हतं. एवढा एक शब्द.

चौकशी बसली. मी तुमच्या मागच्या खुर्चीवर फाइल धरून होतो. साहेबांनी विचारलं, चूक कुठे झाली? मी उठायच्या बेतात होतो. तुम्ही मागे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आखणीत माझा अंदाज कमी पडला. पाऊस जास्त झाला. सर्वे बरोबर आहे." तुम्हाला मेमो मिळाला. निवृत्तीला सात महिने होते. निरोपाचा समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतःच सगळ्यांना म्हैसूरपाक आणून वाटलात आणि बस पकडलीत.

बाहेर आल्यावर आपलं भांडण झालं. तेच पुढे अडीच वर्षं चाललं.

"तू कंत्राटी. तुझं नाव आलं तर उद्या गेटवर पास काढून घेतील. मला काय करणार? मी घरी चाललो."

"पण अण्णा, सर्वे बरोबर आहे म्हणालात. म्हणजे कागदावर खालची ओळ कोरडीच राहिली. त्यांच्यासाठी काही मागताच येणार नाही."

"आराखडा परत होतो की. तेव्हा तू कायम झालेला असशील. तेव्हा घाल."

"तोपर्यंत?"

तुम्ही चप्पल घातलीत.

मी गप्प राहिलो. तुमचं ऐकलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर त्या खोलीत तुमचा हात गुडघ्यावर आला तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असणार, गुडघा तुमच्या हाताखालीच होता.

त्यानंतरचे दोन पावसाळे खालच्या ओळीनं खाटांखाली विटा लावून काढले. त्याच काळात मी परीक्षा पास झालो, कायम पदावर लागलो. अक्कांनी ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, केली, तुम्ही मला पेन दिलंत. मी पाया पडलो. आणि त्याच आठवड्यात त्या गल्लीवरून गेलो तर सरोजक्का पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर शिवत होत्या. मोटारीची मशीन गंजून गेली होती. माझी नोकरी आणि त्यांची गंजलेली मशीन, दोन्ही गोष्टी एकाच माणसानं माझ्यासाठी केल्यात, असं वाटलं. एक मला मिळाली, दुसरी त्यांना. तुमच्याबद्दल असं मनात आलं याची लाज वाटली, पण आलं.

या वर्षी आराखड्याची फेरतपासणी निघाली. मी तुमच्याकडे दोनदा आलो. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "प्रोबेशन संपू दे." दुसऱ्यांदा आवाज चढला. अक्का आतून म्हणाल्या, "काय रे दोघं, एवढ्या मोठ्यानं, सांडव्यावर भांडताय की काय?" तुम्ही दम लागून थांबलात. तुमचं हृदय अशक्त झालंय हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

मग मी तुम्हाला न विचारता करायचं ते केलं, आणि तुम्हाला पत्र टाकलं. गुरुवारी तुमचा फोन आला.

"पत्र मिळालं."

"हो अण्णा."

"मला मेमो मिळाला तो कशासाठी? तू हे करावंस म्हणून?"

मी काही बोलेपर्यंत फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, तुम्ही उचलला नाहीत. शनिवारी तुम्ही गेलात. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे तो एक प्रश्न आहे, आणि मी तो दिवसभर काही ना काही करताना ऐकत असतो. त्रास होतो असंही नाही. फक्त ऐकू येतो, शेजारच्या कारखान्यातल्या लेथ मशीनसारखा.

तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो. खालची ओळ नव्या आराखड्याच्या मसुद्यात आली आहे, पहिल्या क्रमांकाच्या कामांत. निधी मिळेल की नाही ते ठरायचं आहे. मला खुलासा मागणारी नोटीस आली आहे. ती तुमच्या अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी टेबलावर होती. उत्तर लिहिताना "मला वाटते" कुठेही लिहिलं नाही.

काल बाराव्याचं जेवण झाल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं. तुमच्या शर्टाच्या खिशातून काढलेलं माझं पत्र त्यांच्या हातात होतं. "तुझं पत्र आलं तेव्हापासून ते बोलेनात," त्या म्हणाल्या. "दोन दिवस खिशात घेऊन फिरले. काय आहे विचारलं तर म्हणाले, ऑफिसचं आहे. मला आपली भाषा बोलता येते, पण ही अक्षरं कुठे वाचता येतात? आम्ही सगळे कानडी शाळेतले. तेवढे हेच हौसेनं शिकले होते. तू लिहिलंस ना, तूच वाच."

मी खाली बसलो आणि वाचलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. वाचताना माझा आवाज बदलला नाही, याचं मला नवल वाटलं. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप अण्णा यांस, सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

आज दुपारी मी ऑफिसात एक टिपण दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, हे आधी सांगतो. त्यात लिहिलं आहे की त्या गल्लीचा सर्वे मी केला, प्रश्न मी चुकीच्या शब्दांत विचारला, आणि खालच्या ओळीची उत्तरं नळाची आहेत, पुराची नाहीत. भिंतीच्या आखणीत चूक नव्हती, तिला दिलेली माहिती चूक होती, हेही लिहिलं आहे. तुमच्या मेमोचा क्रमांक घालून तो मागे घ्यावा अशी विनंती केली आहे. घेतील की नाही माहीत नाही.

टिपण देण्याआधी खालच्या ओळीत पुन्हा घरोघर गेलो. या वेळी बरोबर शब्द वापरला. सरोजक्का म्हणाल्या, "आता बोलायला शिकलास." त्यांनी आतल्या भिंतीवर बोट ठेवून पाणी कुठपर्यंत चढलं ते दाखवलं. मी टेप लावला. पुढच्या घरात गेलो तर तिथं पाण्याच्या रेघा कोळशानं मारून ठेवलेल्या होत्या, प्रत्येक पावसाची वेगळी. कोणी विचारायला येईल म्हणून मारल्या का, असं विचारलं. घरातले आजोबा म्हणाले, "छे, कोण येणार? खाट किती उंच करायची ते कळावं म्हणून." मी सगळ्या रेघा मोजून तक्त्यात भरल्या आहेत.

प्रोबेशन संपेपर्यंत थांब म्हणालात. मी तारखा मांडून बघितल्या. मसुदा त्याआधी बंद होतो. थांबलो असतो तर पुढची सगळी वर्षं ती ओळ कागदावर कोरडी राहिली असती.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, आणि राग कसा धरायचा तेही कळत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या जिवाला लागंल. पत्रावर भागवू नको, जाऊन पाया पड."

म्हणून रविवारी येतो. रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा, फोनवर नको. जेवायलाच येतो, अक्कांना सांगून ठेवा.

तुमचा,
सदाशिव